तांब्यावर चालणारा विकर : लाखोरीच्या कुळापासून खर्र्याच्या पन्नीपर्यंत

भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात धान कापणीला येण्याच्या काही आठवडे आधी, बांधीतली ओल टिकून असतानाच, उभ्या पिकात लाखोरीचे बी फेकतात. वेगळी नांगरणी नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघाले की त्याच ओलीवर लाखोरी वाढते आणि थंडीत तिला निळी, गुलाबी, पांढरी फुले येतात. शेतकरी या पद्धतीला उतेरा म्हणतो. लाख, लाखोळी, लाखोरी अशी या डाळीची नावे गावागणिक बदलतात, पण तिच्यावरचा जुना आरोप सगळ्यांना ठाऊक आहे : ती फार खाल्ली तर पाय जातात.

त्याच गावांच्या चौकात पानठेला असतो. तिथे प्लास्टिकच्या पन्नीत भाजक्या सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना घालून ती पन्नी घासून घासून खर्रा घोटला जातो. मजूर, शाळेतली मुले, लग्नाला आलेले पाहुणे आणि बाजाराला निघालेल्या बाया, सगळे तो खातात. खर्र्याने तोंडाचा कर्करोग होतो, हेही आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण मधली पायरी फार थोड्यांना माहीत असते. कर्करोगाच्या आधी अनेकांचे तोंड हळूहळू आखडते, तिखट झोंबू लागते, जबडा उघडत नाही.

लाखोरीची शेंग आणि खर्र्याची पन्नी यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येणार नाही. जीवरसायनशास्त्रात मात्र या दोन वाटा एकाच रेणूपाशी येऊन मिळतात. त्याचे नाव लायसिल ऑक्सिडेज. लाखोरीच्या एका बहिणीतले विष या विकराला बंद पाडते, आणि सुपारी त्याला नको तिथे, नको तितके जागे करते. हा विकर कसा घडलेला आहे, तो शरीरात काय करतो आणि कर्करोगाशी त्याचे नाव कसे जोडले गेले, याची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना आहे. ही ओळख भंडाऱ्यातून करून देण्यामागे स्थानिक अभिमानाचा भाग नाही. या विकराच्या कहाणीतले इतके धागे एका जिल्ह्याच्या शेतात आणि पानठेल्यावर सापडावेत, असे सहसा घडत नाही.

आधी त्याचे रोजचे काम पाहू.

माणसाच्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास तिसरा हिस्सा कोलॅजेनचा असतो. कातडी, हाडे, स्नायूबंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हिरड्या, गालाच्या आतले अस्तर या सगळ्यांना आकार आणि ताकद मिळते ती कोलॅजेनच्या तंतूंमुळे. हा रेणू तीन साखळ्या एकमेकींभोवती गुंफून तयार होतो, हे १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी दाखवले. भारतात बसून केलेल्या मूलभूत संशोधनातले ते एक शिखर आहे. पण तीन पदरांचे रेणू शेजारी शेजारी रचले म्हणून तंतूला बळ येत नाही. तणसाचा दोर वळताना काड्या नुसत्या जवळ ठेवल्या तर ओढताक्षणी त्या सुटून येतात. पीळ बसला, पदर एकमेकांत अडकले, तरच दोर ओझे पेलतो. कोलॅजेनच्या रेणूंना असे एकमेकांत अडकवण्याची सुरुवात लायसिल ऑक्सिडेज करतो.

त्याची रीत थोडक्यात अशी. कोलॅजेनच्या साखळीत लायसिन नावाचे अमिनो आम्ल ठरावीक जागी असते. त्याच्या टोकाला नायट्रोजनचा एक गट असतो. विकर तो गट काढून घेतो, हवेतल्या प्राणवायूचा वापर करतो आणि त्या जागी अल्डिहाइड नावाचा अत्यंत क्रियाशील गट ठेवून जातो. या व्यवहारात अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडतात. विकराचे काम इथे संपते. पुढे ते अल्डिहाइड शेजारच्या रेणूतल्या लायसिनशी किंवा दुसऱ्या अल्डिहाइडशी आपोआप जुळते आणि दोन रेणूंमध्ये पक्का रासायनिक बंध तयार होतो. इलॅस्टिन या लवचिक प्रथिनातही हेच घडते. श्वासागणिक फुगणारी फुप्फुसे आणि ठोक्यागणिक ताणली जाणारी महारोहिणी या बंधांवर टिकून असतात.

एवढे साधे काम, पण ते उघडकीला यायला पस्तीस वर्षे लागली; आणि इथेच लाखोरीचे कुळ या गोष्टीत येते.

१९३३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये गायगर, स्टीनबॉक आणि पार्सन्स या संशोधकांनी उंदरांना स्वीट पी या बागेतल्या फुलझाडाच्या बिया खाऊ घातल्या. ही वनस्पती लॅथिरस कुळातली, म्हणजे लाखोरीची सख्खी नातलग. उंदरांचे पाय लुळे पडतील, अशी अपेक्षा असावी. प्रत्यक्षात त्यांची हाडे वेडीवाकडी झाली आणि पाठी कुबडल्या. १९५२ मध्ये पोन्सेटी आणि बेअर्ड यांना अशाच उंदरांमध्ये महारोहिणी फाटलेली आढळली. १९५४ मध्ये त्यामागचे द्रव्य ओळखले गेले : बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल. १९५९ मध्ये लेव्हीन आणि ग्रॉस यांनी हे द्रव्य कोंबडीच्या वाढत्या गर्भांना दिले आणि त्यांचे कोलॅजेन तपासले. एरवी मिठाच्या पाण्यात फारसे न विरघळणारे कोलॅजेन आता त्यात सहज विरघळू लागले होते. कोलॅजेन तयार होत होते, पण त्याचे रेणू एकमेकांना बांधलेच जात नव्हते.

याच काळात दुसरीकडून एक वेगळा पुरावा येत होता. आहारातून तांबे काढून टाकलेल्या कोंबडीच्या पिलांची महारोहिणी फुटून ती मरतात, असे १९६१ मध्ये दिसून आले. एकीकडे फुलझाडाच्या बियांचे विष, दुसरीकडे तांब्याचा अभाव, आणि दोन्हींचा परिणाम सारखाच. अखेर १९६८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेत शेल्डन पिनेल आणि जॉर्ज मार्टिन यांनी हाडाच्या अर्कात तो विकर दाखवून दिला. त्याला काम करायला तांबे लागते आणि बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल त्याला कायमचे बंद पाडते. दोन्ही कोडी एकदम सुटली. हा शोध दंतसंशोधनाच्या घरात लागला याला पुढच्या घटनांमुळे वेगळेच महत्त्व आले, कारण हा विकर बिघडल्याचे एक ठळक रूप पुढे तोंडातच सापडायचे होते.

इथे लाखोरीची बाजू स्पष्ट मांडली पाहिजे, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. भंडाऱ्यात पिकणाऱ्या लाखोरीवर पाय लुळे पडण्याचा जो आरोप आहे, तो या विकराशी संबंधित नाही. ते विष वेगळे आहे. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अदिगा आणि पी. एस. शर्मा यांनी लाखोरीच्या बियांतून ते वेगळे केले. त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात आणि ते मज्जापेशींवर परिणाम करते. दुष्काळात महिनोन्महिने दुसरे काहीच न मिळाल्याने केवळ हीच डाळ खाणाऱ्या माणसांना त्याची बाधा होई. १९६१ मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी आणली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ती उठावी म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला. दरम्यान रतन, प्रतीक, महातिवडा असे ओडॅप कमी असलेले वाणही तयार झाले. हाडे आणि रक्तवाहिन्या बिघडवणारे विष मुख्यतः स्वीट पीसारख्या नातलगांत असते. एकाच कुळातल्या दोन वनस्पतींची ही दोन विषे आहेत. एकाने वैनगंगेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या पिकाचे नाव खराब केले, दुसऱ्याने विज्ञानाच्या हाती एका विकराची किल्ली दिली.

आता या विकराच्या घडणीकडे वळू. हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण पुढे औषधे का फसली हे समजायचे तर तो टाळून चालणार नाही.

माणसाच्या पाचव्या गुणसूत्रावर या विकराचे जनुक आहे. त्यावरून पेशी ४१७ अमिनो आम्लांची एक लांब साखळी बनवते. ही साखळी विकर म्हणून निष्क्रिय असते. तिच्या सुरुवातीचा मोठा भाग केवळ सोबतीचा असतो; तो प्रथिनाला नीट घडी घालायला आणि पेशीबाहेर जायला मदत करतो. पेशीच्या आत गॉल्जी यंत्रणेत या साखळीला तांबे मिळते. ते तिथे पोचवणारा वाहक जन्मतःच बिघडलेला असला तर मेंकेस नावाचा दुर्धर आजार होतो. अशा बाळांचे केस विरळ आणि पिळवटलेले असतात, रक्तवाहिन्या वाकड्यातिकड्या होतात. पेशीबाहेर आल्यावर दुसरा एक विकर या साखळीचा १६८व्या आणि १६९व्या अमिनो आम्लांच्या मधोमध छेद घेतो. सोबतीचा भाग गळून पडतो आणि उरलेली २४९ अमिनो आम्ले म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा विकर.

या उरलेल्या भागात दोन गोष्टी निर्णायक आहेत. पहिली तांबे. हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे तीन रेणू साखळीत जवळजवळ असतात आणि ते तिघे मिळून तांब्याचा एक अणू धरतात. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. सहायक द्रव्य लागणाऱ्या बहुतेक विकरांना ते बाहेरून, बरेचदा जीवनसत्त्वातून, मिळवावे लागते. लायसिल ऑक्सिडेज आपले सहायक द्रव्य स्वतःच्याच शरीरातून बनवतो. त्याच्या साखळीतले एक लायसिन आणि लांबवर असलेले एक टायरोसिन, तांब्याच्या साक्षीने, एकमेकांशी कायमचे जोडले जातात आणि त्यातून क्विनोन जातीचा गट तयार होतो. हा गट १९९६ मध्ये बर्कलीच्या जुडिथ क्लिनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला. कोलॅजेनमधल्या लायसिनवर प्रत्यक्ष क्रिया हाच गट करतो. दुसऱ्यांच्या लायसिनांना बांधायला निघालेला हा विकर आधी स्वतःच्या लायसिनची गाठ मारून घेतो, हे जीवरसायनातले एक देखणे दृश्य आहे.

मग त्याची त्रिमितीय रचना? विकर शोधून पन्नास वर्षे झाली तरी ती हाती येत नव्हती. या प्रथिनाचे नीट स्फटिक मिळवणे फार अवघड आहे. सस्तन प्राण्यांत या विकराची पाच भावंडे आहेत : मूळ लायसिल ऑक्सिडेज आणि त्याच्यासारखे चार. त्यांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या भावंडाची स्फटिकरचना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही पूर्वावस्थेतली. तिच्यात तांब्याच्या जागी जस्त बसलेले होते, आणि जे लायसिन व टायरोसिन एकमेकांना जुळायला हवेत ते अजून बरेच दूर होते. याचा अर्थ, काम करण्याच्या अवस्थेला येताना या प्रथिनाला मोठी हालचाल करावी लागते. भंडाऱ्याच्या भांडीबाजाराला तांबे आणि जस्त ही जोडी पितळेतून पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची आहे. या विकराच्या खाचेत मात्र जस्त बसले की काम थांबते, तांबेच हवे.

कर्करोगाशी या विकराचे नाते आधी उलट्या बाजूने कळले, हे मुद्दाम सांगायला हवे. १९९० मध्ये एका संशोधक गटाला असे जनुक सापडले की जे चालू असताना रास या कर्करोगकारी जनुकाने बिघडवलेल्या पेशी पुन्हा शहाण्यासारख्या वागू लागत. वर्षभरात कळले की ते जनुक लायसिल ऑक्सिडेजचेच होते. म्हणजे हा कर्करोगाला आवर घालणारा! पुढे स्पष्ट झाले की हा आवर मुख्यतः त्या गळून पडणाऱ्या सोबतीच्या भागामुळे बसतो. छेद घेतल्यावर निरुपयोगी वाटणारा तुकडा गाठीला रोखत होता.

विकराची काम करणारी बाजू मात्र वेगळीच निघाली. गाठ वाढू लागली की तिच्या मध्यभागी रक्तपुरवठा अपुरा पडतो आणि प्राणवायू कमी होतो. अशा पेशी लायसिल ऑक्सिडेजचे उत्पादन वाढवतात. २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या जनीन अर्लर, अमाटो जिआचिया आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की उंदरांमध्ये हा विकर रोखला तर कर्करोगाचा दूरच्या अवयवांत होणारा प्रसार घटतो. ज्या रुग्णांच्या गाठींत तो भरपूर होता, त्यांचे भवितव्य वाईट असल्याचेही त्यांना आढळले. आणि हे रुग्ण होते स्तनाच्या तसेच डोके-मान भागातल्या कर्करोगाचे. तोंडाचा कर्करोग याच दुसऱ्या गटात मोडतो. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेरी वीव्हर यांच्या गटाने कारणाचा आणखी एक पदर उलगडला. कोलॅजेनचे बंध वाढले की गाठीभोवतीची ऊती ताठर होते, तो ताठरपणा पेशींना बाहेरून जाणवतो आणि आतली वाढीची यंत्रणा जोरात सुरू होते. हाताला गाठ कडक लागते, हे वैद्यांना आणि डॉक्टरांना शतकानुशतके माहीत होते. तो कडकपणा रोगाला चालना देणाऱ्यांपैकी एक आहे, हे नव्याने कळले.

इथून परत विदर्भात यावे लागते.

तोंड आखडण्याच्या या आजाराचे आधुनिक वर्णन प्रथम १९५२ मध्ये श्वार्त्झ यांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांवरून केले. त्याच सुमारास मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी स्वतंत्रपणे त्याची नोंद केली आणि सबम्युकस फायब्रोसिस हे नाव रूढ होण्याची सुरुवात झाली. १९६६ मध्ये डॅनिश विकृतिशास्त्रज्ञ येन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतल्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी केलेली व्याख्या आजही पाठ्यपुस्तकांत उद्‌धृत होते. गालाच्या आतल्या अस्तराखाली कोलॅजेनचे जाड पट्टे तयार होतात. बोट फिरवले तर ते दोरीसारखे हाताला लागतात. अस्तर पांढुरके होते, जीभ बाहेर येत नाही, तिखटाचा घास आगीसारखा लागतो, आणि ज्या तोंडात आपली तीन बोटे उभी मावायला हवीत त्यात दोन मावेनाशी होतात. हा आजार स्वतः कर्करोग नाही, पण त्याकडे जाणारी वाट आहे. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने अशा ६६ रुग्णांवर सतरा वर्षांच्या काळात लक्ष ठेवले, त्यांपैकी ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाला.

मध्य भारतातल्या या रुग्णांचे चित्र नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून पुढे आले. डॉ. व्ही. के. हजारे आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका स्त्रीमागे सुमारे पाच पुरुष होते. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. जिल्ह्यातला तोंडाचा गंभीर रुग्ण शेवटी याच शहराच्या वाटेला लागतो, मग ते दंत महाविद्यालय असो, राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय असो की जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था.

आणि याच नागपूरचे नाव लायसिल ऑक्सिडेजच्या इतिहासातही आहे. सुपारी खाणाऱ्यांच्या गालातल्या पेशींत हा विकर जास्त सक्रिय असतो, असे तैवानमधल्या मा, त्साय आणि शिए यांनी १९९५ मध्ये दाखवले होते. १९९९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजचे चेतन त्रिवेदी, समन वर्णकुलसूरिय, न्युवेल जॉन्सन आणि नागपूरचे हजारे यांच्या संयुक्त निबंधाने ते गालाच्या ऊतीतच दाखवले. आखडलेल्या अस्तराखालच्या फायब्रोब्लास्ट पेशींत आणि कर्करोगाच्या बेटांना लागून असलेल्या भागात लायसिल ऑक्सिडेज ठळकपणे रंगून आला. कर्करोगाच्या आधीची पायरी आणि कर्करोग, दोन्ही ठिकाणी तोच विकर.

त्रिवेदी यांच्याच गटाने त्याआधी तांब्याचा माग काढला होता. सुपारीत आणि तिच्या तयार पदार्थांत इतर कठीण कवचाच्या फळांपेक्षा तांबे बरेच जास्त असते. चघळायला लागल्यावर काही मिनिटांतच ते लाळेत उतरते. रुग्णांच्या गालाच्या ऊतीतही तांबे वाढलेले सापडले. खर्रा खाणारा माणूस तो गालफडात धरून तासन्‌तास बसतो. शरीराला रोज लागणारे तांबे मिलिग्रॅममध्ये मोजावे लागते आणि पोटातून येणाऱ्या तांब्याचा हिशेब यकृत चोख ठेवते. गालाच्या अस्तराला थेट भिडणाऱ्या तांब्यावर तसा पहारा नसतो.

तरीही ही कहाणी केवळ तांब्यावर सोडून देता येणार नाही. ती सुटसुटीत आहे, सांगायला सोपी आहे, आणि म्हणूनच तिच्याबाबत सावध राहायला हवे. सुपारीतला अरेकोलिन हा अल्कलॉइड कोलॅजेन वाढवणाऱ्या संदेशयंत्रणेला डिवचतो आणि त्या यंत्रणेच्या हुकमाने लायसिल ऑक्सिडेजही वाढतो. सुपारीतले टॅनिन कोलॅजेनला असे चिकटते की त्याला तोडणाऱ्या विकरांचे काही चालत नाही. म्हणजे बांधणी वाढते आणि मोडतोड थांबते. चुन्याने अस्तर भाजते, सुपारीच्या कडक कणांनी ते खरचटते, आणि तंबाखूतली नायट्रोसॅमाइन द्रव्ये पेशींच्या जनुकांवर घाव घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसत्या सुपारीलाही, तंबाखूशिवाय, माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले. विदर्भात आजही अनेक घरांत ‘तंबाखू नाही, फक्त सुपारी’ म्हणून मुलांच्या हाती सुपारी दिली जाते. त्या समजुतीला विज्ञानाचा कोणताही आधार नाही.

महाराष्ट्राने २०१२ च्या जुलैमध्ये गुटख्यावर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी ती सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा आणि खर्रा यांच्यापर्यंत वाढवली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. धूम्रपान करणारे होते ३.८ टक्के. या राज्यात तंबाखूचा प्रश्न म्हणजे मुख्यतः तोंडात धरलेल्या तंबाखूचा प्रश्न आहे. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने २०१६ पासून चालू असलेल्या मुक्तिपथ मोहिमेने खर्रा हाच केंद्रस्थानी धरला, ते योग्यच झाले. भंडाऱ्यालाही तशाच चिकाटीच्या कामाची गरज आहे. कारण एकदा पट्टे पक्के झाले की खर्रा सोडल्यावरही तोंड पूर्ववत होत नाही. विकराने घातलेले बंध रासायनिक आहेत, ते आपोआप सुटत नाहीत. डॉक्टर गालात स्टेरॉइडची किंवा हायलुरोनिडेजची इंजेक्शने देतात, जबड्याचे व्यायाम करवून घेतात, फार आखडले तर शस्त्रक्रिया करतात. त्याने उघडणे काही मिलिमीटरने सुधारते. रोगाचे मूळ तसेच राहते.

मग विकरच रोखला तर? ही आशा साहजिक होती. बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल प्रयोगशाळेत उत्तम काम करते, पण ज्या विषाने उंदरांच्या महारोहिणी फाटल्या ते माणसाला औषध म्हणून पोटात देणार कसे? म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या भावंडाला लक्ष्य करणारे सिमटुझुमॅब हे प्रतिपिंड तयार झाले. स्वादुपिंडाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात, तसेच फुप्फुस आणि यकृताच्या तंतुमयतेत त्याच्या चाचण्या झाल्या आणि त्या फसल्या. एक संभाव्य कारण रचनेत आहे. ते प्रतिपिंड विकराच्या कार्यस्थळी, म्हणजे तांबे आणि क्विनोन असलेल्या खाचेत, बसत नाही; ते दूरच्या भागाला चिकटते, त्यामुळे विकराचे काम पुरते थांबत नाही. शिवाय एक भावंड रोखले तरी उरलेली चार असतातच. आता लहान रेणूंची औषधे चाचणीत आहेत, थेट कार्यस्थळी बसणारी आणि पाचही भावंडांना रोखणारी. शरीरातले तांबे कमी करून विकराची उपासमार करणारे टेट्राथायोमॉलिब्डेट स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत तपासले गेले आहे.

तोंडाच्या बाबतीत एक सोय आहे, जी स्वादुपिंडात किंवा फुप्फुसात नाही. रोगाची जागा डोळ्यांना दिसते, बोटांना लागते आणि औषध तिथेच टोचता किंवा लावता येते. महारोहिणीला धक्का न लावता गालापुरता हा विकर रोखणारे औषध शक्य आहे का, हा प्रश्न सुपारी न खाणाऱ्या देशांतल्या औषध कंपन्यांना तातडीचा वाटण्याचे कारण नाही. तो नागपूर, मुंबई आणि बंगळूरच्या प्रयोगशाळांनीच हाती घ्यायचा आहे. त्यासाठी विकराच्या खाचेत तांबे नेमके कसे धरले जाते, क्विनोन कसा घडतो आणि छेद कुठे बसतो हे बारकाईने माहीत असावे लागते. पुढची प्रकरणे त्याच क्रमाने, तीन हिस्टिडिनांपासून, सुरू होतात.